दोन शब्दयोगी आणि एक उभयान्वयी

१७७८ साली लंडनच्या किंग्ज बेंच तुरुंगात शिक्षा भोगत असलेल्या एका माणसाने आपल्या खटल्याविषयी एक पत्र प्रसिद्ध केले. पत्र जॉन डनिंग या नामवंत वकिलाला उद्देशून होते. त्यातली तक्रार अशी होती की, दोन शब्दयोगी अव्यये आणि एक उभयान्वयी अव्यय यांनी मिळून आपला बळी घेतला. शब्दयोगी दोन म्हणजे 'ऑफ' आणि 'कन्सर्निंग'. उभयान्वयी एक, 'दॅट'. तुरुंगात गेलेली माणसे न्यायाधीशाला दोष देतात, साक्षीदाराला देतात, काही नशिबाला देतात. शब्दांच्या जातींना दोष देणारा माझ्या वाचनात आलेला हा एकटाच.

त्याचे नाव जॉन हॉर्न. पुढे एका मित्राच्या स्नेहाखातर त्याने 'टुक' हे नाव जोडून घेतले आणि इतिहासात तो हॉर्न टुक म्हणून राहिला, म्हणून मीही त्याला टुकच म्हणते. जन्म १७३६चा, बाप कोंबड्या-बदके विकणारा. ईटनच्या श्रीमंत पोरांनी बापाचा धंदा विचारला तेव्हा 'टर्की मर्चंट' असे त्याने सांगितल्याची आख्यायिका आहे. ऐकणाऱ्यांनी तुर्कस्तानशी व्यापार करणारा बडा सौदागर समजावा, आणि खोटेही काही बोलले जाऊ नये. एका शब्दाचे दोन अर्थ कसे वापरून घ्यायचे हे या मुलाला फार लवकर कळले होते. पुढे तो धर्मोपदेशक झाला, ते काम त्याला मानवले नाही, आणि राजकारणात पडला.

१७७५च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत लेक्झिंग्टन आणि कॉन्कॉर्ड इथे ब्रिटिश सैन्य आणि वसाहतवाले यांच्यात पहिली चकमक झाली. जूनमध्ये लंडनच्या वर्तमानपत्रांत टुकने एक निवेदन छापून आणले. तिथे मेलेल्या अमेरिकनांच्या विधवा-पोरांसाठी शंभर पौंड जमवून डॉक्टर फ्रँकलिन यांच्याकडे पाठवावेत असा त्यात ठराव होता, आणि ही माणसे राजाच्या सैनिकांनी मारून टाकली असे स्वच्छ म्हटले होते. मारली गेली असे नव्हे. त्यांचा खून झाला असे. सरकारने दोन वर्षांनी, १७७७च्या जुलैत, राजद्रोही लेखनाचा खटला चालवला. समोर लॉर्ड मॅन्सफील्ड. टुकने स्वतःचा बचाव स्वतःच केला. सरकारी वकील थर्लो यांनी तर त्याला चौकात खोड्यात अडकवून उभे करावे अशी मागणी केली होती. ती मान्य झाली नाही. एक वर्ष कैद आणि दोनशे पौंड दंड झाला.

व्याकरण या प्रकरणात शिरले ते अपिलाच्या वेळी. त्या काळच्या फौजदारी आरोपपत्राचा एक कडक नियम असा होता की, आरोप ज्या गोष्टींवर उभा आहे त्या प्रत्येक गोष्टीचे त्यात ठाम विधान हवे. अमुक ठिकाणी राजाचे सैन्य कामाला लावलेले होते, हे निवेदन त्याच सैन्याच्या त्या कामाविषयी आहे, असे एकेक विधान. ते नसेल तर आरोपपत्र पडले. टुकच्या आरोपपत्रात असली विधाने नव्हती. हा मजकूर राजाच्या सरकारचा आणि त्याच्या सैन्याच्या वापराचा, त्यांच्या संबंधीचा आहे, एवढेच म्हटले होते. म्हणजे 'ऑफ' आणि 'कन्सर्निंग' या दोन शब्दांवर सगळा भार. न्यायालयाने हा भार पुरेसा मानला आणि उणीव चालून जाते हे दाखवण्यासाठी एक जुना निवाडा पुढे आला.

तो निवाडा लॉली नावाच्या एका बाईंचा. क्रूक नावाच्या माणसाच्या खटल्यातला साक्षीदार फोडण्याच्या प्रयत्नाचा आरोप त्यांच्यावर होता. त्यांच्या आरोपपत्रातल्या वाक्याची ठेवण अशी: आधी बाई, मग 'ठाऊक असताना' या अर्थाचा शब्द, मग 'दॅट', मग क्रूकवर बनावट दस्तऐवजाचा आरोप ठेवलेला असल्याचे उपवाक्य, आणि शेवटी बाईंनी केलेले कृत्य. हरकत घेतली गेली ती अशी की, क्रूकवर आरोप ठेवला गेला होता हे या वाक्यात कोणी सांगितले आहे? बाईंना काय ठाऊक होते एवढेच सांगितले आहे. मुख्य विधान बाईंचे. क्रूकची गोष्ट 'दॅट'च्या आड बसलेली. न्यायालयाने ती हरकत मानली नव्हती. मग तिथे थेट विधानावाचून चालले तर टुकच्या बाबतीतही चालेल, असा तर्क झाला.

टुकचे उत्तर मला अजूनही सुंदर वाटते. त्याने म्हटले, या दाखल्याचा माझ्या खटल्याशी संबंधच नाही, कारण लॉलीबाईंच्या आरोपपत्रात थेट विधान होतेच. ते तुम्हाला दिसले नाही, कारण 'दॅट' हा शब्द काय आहे हे तुम्हाला ठाऊक नाही. तुम्ही त्याला उभयान्वयी म्हणता, दोन वाक्ये चिकटवणारा, स्वतःला काही अर्थ नसलेला गोंद समजता. पण तो दर्शक सर्वनाम आहे, 'ते'. ते वाक्य उलगडून वाचा: क्रूकवर आरोप ठेवला गेला होता; बाईंनी, ते ठाऊक असताना, अमुक केले. पहिले वाक्य स्वतंत्र आणि ठाम आहे, दुसरे त्याच्याकडे बोट दाखवते. माझ्या आरोपपत्रात असे बोट दाखवायला वाक्यच नाही.

निकाल बदलला नाही. टुकने कैद पुरी केली.

'स्वतःला काही अर्थ नसलेला' ही व्याख्या टुकने रचलेली नव्हती. जेम्स हॅरिस यांच्या 'हर्मिस' या १७५१च्या ग्रंथात उभयान्वयीची तशीच व्याख्या आहे: स्वतः निरर्थक, पण दोन सार्थ वाक्यांचे एक सार्थ वाक्य करून देणारा शब्द. टुकला हे फार लागले. निरर्थक शब्दातून अर्थ निघतो कसा, हा त्याचा प्रश्न. त्याच्याआधी लॉक यांनी या बारक्या शब्दांवर एक छोटे प्रकरण लिहिले होते, आणि मन विचारांची सांगड कशी घालते ते याच शब्दांत दिसते असे म्हटले होते. टुकला तेही अपुरे वाटले. आपल्याकडच्या वाचकांना हा वाद ओळखीचा वाटेल. यास्कांच्या निरुक्तात शाकटायन म्हणतात की, उपसर्ग सुटे काढले तर त्यांना अर्थ सांगता येत नाही. गार्ग्य म्हणतात, येतो. सगळी नामे धातूंपासून निघाली हेही शाकटायनांचेच मत, आणि गार्ग्यांना ते मान्य नाही. टुकने एका मुद्द्यावर गार्ग्यांची बाजू घेतली असती आणि दुसऱ्यावर शाकटायनांची. त्याला यापैकी कोणाचे नावही ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

पत्रातला हा विचार वाढवून टुकने १७८६मध्ये 'डायव्हर्शन्स ऑफ पर्ली' या ग्रंथाचा पहिला भाग काढला. ग्रंथ संवादरूप आहे आणि पर्ली हे त्याच मित्राच्या घराचे ठिकाण. सिद्धांत असा की, भाषेला खरी गरज फक्त नामांची आणि क्रियापदांची. बाकी सगळे शब्द म्हणजे त्यांची झिजलेली, घाईघाईत आखूड केलेली रूपे. झीज उलटी फिरवली की खाली क्रियापद किंवा नाम सापडलेच पाहिजे. मग तो एकेक उभयान्वयी घेऊन बसतो. 'इफ' म्हणजे मुळात 'गिव्ह', 'दे'. म्हणजे 'पाऊस आला तर' याचा अर्थ 'पाऊस आला असे दे, मान'. 'अन्लेस' म्हणजे 'सोडून दे'. 'अँड' म्हणजे 'ढिगात टाक' असे काहीतरी. 'बट' एक नाही, दोन आहेत: एक 'भर घाल' या अर्थाचा, दुसरा 'बाहेर' या अर्थाचा.

आपण शाळेत इंग्रजीच्या पेपरात एक प्रश्न सोडवत असू. चौकटीत अँड, बट, बिकॉज, इफ, अन्लेस दिलेले, खाली वाक्यांच्या जोड्या, योग्य शब्द वापरून जोडा. चौकटीतला प्रत्येक शब्द खिळ्यांच्या पुडीतून निघाल्यासारखा, कुठलाही ठोकावा. या खिळ्यांना पूर्वायुष्य असते असे वर्गात कोणी म्हणत नसे. टुकने इंग्रज वाचकांना तेच सांगितले आणि ते त्यांना आवडले. हॅझलिटसारख्या समीक्षकाने त्याच्या व्याकरणाची तारीफ केली, चार्ल्स रिचर्डसन यांनी त्याच्या तत्त्वांवर एक मोठा कोश रचला.

आणि त्यातले पुष्कळसे चूक होते. 'इफ'चा 'गिव्ह'शी संबंध नाही; जुन्या इंग्रजीत दोन्ही शब्द लिहिताना सारखे दिसतात इतकेच. 'इफ'चे नातलग जर्मन गटातल्या भाषांत सापडतात, आणि त्यांतले काही 'शंका' या अर्थाकडे जातात, जे मला 'दे'पेक्षा जास्त पटते. 'अन्लेस' हा 'लेस'पासूनच, 'याहून कमी असेल तर' अशा बोलण्यातून आला. 'अँड'च्या ढिगाविषयी बोलायलाच नको. 'बट'पैकी 'बाहेर' हा अर्थ मात्र बरोबर: जुन्या इंग्रजीतला 'बुटान', बाहेर, वगळून. 'बिकॉज'मध्ये 'कॉज' उघडाच बसलेला आहे, तिथे विद्वत्तेची गरज नाही.

योगायोग असा की, 'पर्ली' निघाले त्याच वर्षी, २ फेब्रुवारी १७८६ रोजी, कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीपुढे विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांचे मूळ एक असावे हे सांगणारे प्रसिद्ध भाषण केले. त्या विचाराची पुढे जी शास्त्रशुद्ध पद्धत झाली तिने टुकची व्युत्पत्ती मोडीत काढली. दिसण्यावरून नाते ठरवायचे नाही, ध्वनी नियमाने बदलतात ते पाहायचे. टुकचे तोवर राजकारण चालूच होते. १७९४मध्ये राजद्रोहाच्या, म्हणजे फाशीच्या, आरोपाखाली तो टॉवरमध्ये गेला आणि ज्यूरीने काही मिनिटांत त्याला निर्दोष सोडले. पुढे खासदारही झाला, तर धर्मोपदेशकांना पार्लमेंटात बसता येणार नाही असा कायदाच १८०१मध्ये झाला. १८१२मध्ये तो वारला.

इतक्या चुकांमध्ये एक शब्द त्याने अचूक पकडला होता, आणि तो नेमका कैदेतला: 'दॅट'. उपवाक्य जोडणारा 'दॅट' आणि 'ते' दाखवणारा 'दॅट' मुळात एकच, हे आज इंग्रजीचा कुठलाही चांगला इतिहास सांगेल. १९६८मध्ये अमेरिकन तत्त्वज्ञ डोनाल्ड डेव्हिडसन यांनी याच शब्दावर एक निबंध लिहिला. गॅलिलिओने पृथ्वी फिरते असे म्हटले, हे वाक्य त्यांच्या मते दोन वाक्ये आहे: पृथ्वी फिरते. गॅलिलिओने ते म्हटले. टुकने तुरुंगात केलेली फोड जवळजवळ जशीच्या तशी. फरक इतकाच की, टुकला पहिले वाक्य ठाम हवे होते, आणि डेव्हिडसन यांच्या मांडणीत बोलणारा ते नुसते उच्चारतो, त्याची जबाबदारी घेत नाही. हा फरक लहान नाही. लॉलीबाईंचा निवाडा याच फरकावर उभा होता: 'ठाऊक असणे' आणि 'म्हणणे' या दोन्हींपुढे इंग्रजी एकच 'दॅट' लावते.

टुकला मराठी आली असती तर त्याचे काम किती सोपे झाले असते, असे माझ्या मनात नेहमी येते. उभयान्वयीच्या पोटात क्रियापद असते हे सिद्ध करायला तो गॉथिकपर्यंत धावला. आपल्याकडे ते पोट उघडेच आहे. 'म्हणून' म्हणजे काय? 'म्हणणे'चे 'ऊन' रूप. 'पाऊस आला म्हणून थांबलो' असे बोलताना आपण शब्दशः 'पाऊस आला, असे म्हणून, थांबलो' असे म्हणत असतो. 'म्हणजे'ही तिथलाच. ऐकीव गोष्टीमागे लागणारा 'म्हणे' तिथलाच. कन्नडात 'एंदु', तेलुगूत 'अनि', तमिळमध्ये 'एन्ऱु', बंगालीत 'बोले', नेपाळीत 'भनेर', हैदराबादच्या दखनीत 'बोलके': 'म्हणून' या एका शब्दाचे हे सगळे चुलत-मावस भाऊ, आणि प्रत्येकाच्या पोटात 'म्हणणे' आहे. यातले काही रक्ताचे नातलग आहेत, काही केवळ शेजाराने सारखे झालेले. संस्कृतातला 'इति'ही असाच वाक्याच्या मागे येऊन बसतो. आधी बोलणे, मग 'असे म्हणून'. हिंदीत आणि आजच्या मराठीत दिसणारा 'कि' किंवा 'की' याच्या उलट वागतो. तो आधी येतो, दार उघडतो, आणि उपवाक्य मागाहून आत येते. या 'की'वर फारसीची छाप आहे असे सहसा मानले जाते; इंग्रजी वाक्ये भाषांतरू लागल्यावर त्याला आणखी काम मिळाले.

आपले व्याकरणही त्याच काळात इंग्रजीच्या चौकटीत बसवले गेले. दादोबा पांडुरंग यांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६चे. इंग्रजी शब्दजातींच्या पेट्या होत्या, त्यांत मराठी शब्द भरायचे होते. उभयान्वयी हा शब्द तसा सुरेख आहे, दोहोंशी अन्वय असलेला. हॅरिस यांच्या व्याख्येपेक्षा बराच. पण पेटी तयार झाली की तिच्यात न मावणारे दिसेनासे होते, आणि वाक्य जोडण्याचे मराठीचे एक काम माझ्या मते तसेच झाकले गेले. ते काम 'हे' आणि 'असे' करतात.

'क्रूकवर आरोप ठेवला गेला होता हे बाईंना ठाऊक होते.' 'क्रूकवर आरोप ठेवला गेला होता असे बाईंना वाटत होते.' पहिल्या वाक्यात सांगणारा स्वतः आरोपाची ग्वाही देतो. दुसऱ्यात नाही, आरोप असेल किंवा नसेल, बाईंच्या मनात काय होते एवढेच तो सांगतो. 'ठाऊक' पुढे 'असे' आणि 'वाटणे' पुढे 'हे' घालून पाहा, जीभ अडखळते. इंग्रजीत क्रियापद बदलले तरी 'दॅट' तोच राहतो. मराठीत सांधाही बदलतो. लॉलीबाईंचे आरोपपत्र मराठीत असते तर त्यात 'हे' आले असते, आणि हरकत घेणाऱ्याला फारसे बोलायला उरले नसते. टुकचे 'क्रूकवर आरोप ठेवला गेला होता. ते ठाऊक असताना' आणि आपले 'हे ठाऊक असताना' यांत अर्धविरामाचाच काय तो फरक.

खरी पंचाईत 'सांगणे'सारख्या क्रियापदांची, कारण तिथे दोन्ही चालतात. 'पूल धोकादायक आहे हे त्याने साहेबांना सांगितले.' 'पूल धोकादायक आहे असे त्याने साहेबांना सांगितले.' पहिल्यात पूल खरोखर धोकादायक होता, आणि साहेबांना कळवले होते. दुसऱ्यात त्याचे तसे म्हणणे होते. इंग्रजीत दोन्ही वाक्ये एकच होतात. आणि 'त्याने साहेबांना सांगितले की पूल धोकादायक आहे' असे लिहिले तर मराठीही इंग्रजीइतकीच मोघम होते. काही संपादक 'की' सरसकट काढायला लावतात, मराठी वळण नाही म्हणून. वळणाबद्दल ते बरोबर आहेत. पण 'की' काढायचा तर त्याच्या जागी काय घालायचे हे ठरवावे लागते, आणि तो निर्णय वळणाचा नसतो.

कथा-कादंबरीत हा निर्णय मी निवेदकाकडे पाहून घेते. कोणावर विश्वास ठेवायचा हे पुस्तकात कुठे ना कुठे दिलेले असते. कागदपत्रांच्या भाषांतरात तसे नसते. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी साक्षीदार आपल्या भाषेत बोलतो आणि नोंद इंग्रजीत होते. अशा एका चौकशीतल्या जबान्या मराठीत आणण्याचे काम माझ्याकडे आले होते. साक्षीदार सगळे मराठी बोलणारे. नोंदी इंग्रजी. म्हणजे कोणीतरी एकदा मराठीतून इंग्रजीत नेलेले मला परत मराठीत आणायचे होते. पानोपानी 'टोल्ड देम दॅट', 'इन्फॉर्म्ड हिम दॅट'. त्या माणसांनी तोंडाने काय म्हटले असेल? 'भिंतीला तडे गेलेत हे मी सांगितलं होतं' की 'भिंतीला तडे गेलेत असं मी सांगितलं होतं'? कदाचित यातले काहीच नाही. खेड्यातला माणूस बहुधा सरळ म्हणेल, 'मी सांगितलं, भिंतीला तडे गेलेत', मधे कसलाच सांधा न घालता. टुकला हवे होते तसे, दोन उघडी वाक्ये शेजारी शेजारी. नोंद करणाऱ्याने त्यांच्यात 'दॅट' घातला, कारण इंग्रजीत नीट लिहायचे तर तो घालावा लागतो, आणि त्या क्षणी साक्षीदाराने ग्वाही दिली होती की नुसते सांगितले होते हा प्रश्न कागदावरून पुसला गेला.

माझ्या प्रतीत मी त्या सगळ्या ठिकाणी 'की' ठेवला. वळण बिघडते हे दिसत होते. समासात पेन्सिलीने लिहिले: मूळ जबानी मराठीत असल्यास ध्वनिमुद्रण पाहावे, 'हे' की 'असे' ते त्यावरून ठरेल. कागद घेऊन गेलेल्या गृहस्थांनी दारातच विचारले, "यात एवढं काय ताई, दोन्हीचा अर्थ एकच ना?" मी त्यांना पुलाची दोन वाक्ये म्हणून दाखवली. त्यांनी ती दोनदा ऐकली, आणि फाइल उघडून पेन्सिलीच्या त्या खुणा शाईने गिरवायला माझ्याकडूनच पेन मागून घेतले.